स्वस्त गोळीची ताकद

औषध महाग असलं की माणूस डॉक्टरला शिव्या घालतो आणि स्वस्त असलं की दुकानदाराकडे संशयाने बघतो. मी बावीस वर्षं महाग औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी राहिले आणि नंतरची अकरा स्वस्त औषधांच्या, तेव्हा या बाबतीत माझ्या शब्दाला थोडं वजन द्यायला हरकत नाही. शिव्या परवडतात, त्या डॉक्टरच्या नावाने असतात. संशय मात्र आपल्या तोंडासमोर उभा राहून, चष्मा कपाळावर चढवून, गोळ्यांचं पाकीट उजेडाला धरून बघत असतो.

दुकान रत्नागिरीत, सरकारी दवाखान्याच्या समोरच्या रांगेत. एका अंगाला झेरॉक्सवाला, दुसऱ्या अंगाला शहाळीवाला आणि पुढे रिक्षा स्टँड. पाटीवर ‘जेनेरिक औषधे’ असं हातभर अक्षरांत लिहिलेलं होतं, पण अकरा वर्षांत ते वाचून कुणी आत आल्याचं मला आठवत नाही. लोक रिक्षावाल्याला ‘स्वस्तातल्या गोळ्यांकडे’ असं सांगत आणि रिक्षावाला बरोबर आणून सोडत असे. मला सगळे गोळीवाल्या ताई म्हणत. माझं फार्मसीचं सर्टिफिकेट नियमाप्रमाणे भिंतीवर फ्रेम करून लावलेलं होतं. ते निरखून पाहून एका आजोबांनी मला विचारलं होतं, हे तुमच्या यजमानांचं का? यजमान एसटीत होते. त्यांना सर्दीची आणि तापाची गोळी यांतला फरक शेवटपर्यंत कळला नाही.

जेनेरिक म्हणजे काय, हे मी रोज किमान दहा वेळा सांगत असे, तेव्हा इथे अकराव्यांदा सांगते. बारशाला मुलाचं नाव ठेवलं अनंत. घरात त्याला बाळू म्हणतात, बँकेत लागल्यावर तो साहेब होतो, सासुरवाडीला जावईबापू. माणूस तोच. औषधाचंही एक बारशाचं नाव असतं, ते पाकिटावर खाली बारीक अक्षरांत छापलेलं असतं. वर मोठ्या रंगीत अक्षरांत असतं ते कंपनीने दिलेलं लाडाचं नाव. त्या लाडासाठी पैसे पडतात. कंपनीची जाहिरात, डॉक्टरांकडे फिरणाऱ्या एमआरच्या हातातली बॅग, दुकानदाराला दिवाळीत मिळणारं भिंतीवरचं घड्याळ, हे सगळं त्या पाकिटाच्या किमतीत बसलेलं असतं. माझ्या घरी अशी सहा घड्याळं आहेत. मोठ्या दुकानात असताना ती मी हसतमुखाने घेतली आणि घड्याळवाल्या कंपन्यांच्या गोळ्या तितक्याच हसतमुखाने खपवल्या. समोरचा म्हातारा पाकीट हातात घेऊन किंमत वाचायचा आणि परत ठेवायचा, ते मला दिसत होतं. मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळायची. हे लिहायला चांगलं वाटत नाही, पण खरं आहे.

स्वस्त दुकानात आल्यावर माझी भीड चेपली आणि तोंड सुटलं. तिथे गिऱ्हाईकही एकेक नगच. एक निवृत्त अधिकारी दर महिन्याच्या तीन तारखेला यायचे. ऊन असो नसो, छत्री उघडलेली आणि चेहऱ्यापर्यंत खाली ओढलेली. गोळ्या घेतल्या की खिशातून बाजारातल्या मोठ्या मेडिकलची घडी घातलेली पिशवी काढायचे आणि माझ्या गोळ्या त्यात भरून न्यायचे. कॉलनीत शोभा नको, एवढाच हेतू. पुढे पुढे ती पिशवी इतकी विरली, की मीच त्यांना माझ्या घरातली एक आणून दिली. त्यांनी ती मुकाट्याने घेतली आणि त्या दिवसापासून छत्री जरा वर गेली.

राजिवड्याच्या एक खाला, म्हणजे मावशी, होत्या. मुलगा कुवेतला. तो तिकडून आईच्या ब्लड प्रेशरच्या गोळ्या पाठवायचा, अरबी अक्षरांच्या देखण्या डबीत. एकदा पार्सल यायला उशीर झाला, म्हणून रिकामी डबी घेऊन त्या माझ्याकडे आल्या. यातली इथे मिळणार नाहीच, पण निदान दोन-चार दिवस भागेल असं काहीतरी द्या, असं त्यांचं म्हणणं. मी डबी फिरवून मागचं बारीक वाचलं. गोळी आपल्याच देशात तयार झालेली होती. समुद्र ओलांडून गेली, तिकडच्या डबीत बसली आणि विमानाने परत आली. खालांना हे समजावून सांगितल्यावर त्या बराच वेळ हसत राहिल्या. मग म्हणाल्या, की गोळीचं सोडा, आमच्या घरातल्या माणसांनापण असंच तिकडे जाऊन आल्याशिवाय कुणी विचारत नाही.

आता या दुकानाचे दोष मी झाकून ठेवत नाही. माल वेळेवर यायचाच असं नाही. आणि आला, तर रंग तोच असेल याची खात्री नाही. एका महिन्यात गोळी पांढरी, पुढच्या महिन्यात पिवळी, कारण बनवणारा वेगळा. माझी निम्मी गिऱ्हाइकं औषधं रंगाने ओळखायची. सकाळची गुलाबी, रात्रीची पिवळी. गुलाबीची पांढरी झाली, की त्यांच्या घरात गोंधळ. म्हणून मी प्रत्येक पाकिटावर पेनाने सूर्य नाहीतर चंद्र काढून द्यायची. माझी चित्रकला बेताची. एका काकूंनी माझ्या चंद्राला केळं समजून ती गोळी महिनाभर केळ्याबरोबर घेतली. सुदैवाने ती कॅल्शियमची होती.

एवढ्या गमती सांगून झाल्यावर तात्यांकडे वळते. हा लेख मला त्यांच्यासाठीच लिहायचा होता, आणि त्यांच्या बाबतीत जे झालं, त्यात चूक माझीही आहे.

सत्तरी ओलांडलेल्या माणसांना सरकारी विम्याचं कार्ड मिळायला लागलं, तेव्हाची गोष्ट. गावोगाव शिबिरं झाली, म्हातारीकोतारी माणसं अंगठे देऊन कार्ड घेऊन आली आणि त्यातली बरीच थेट माझ्या काउंटरवर आली. कार्ड दाखवलं की गोळ्या फुकट, असा सगळीकडे समज. दिवसभर मी एकच सांगत होते. दवाखान्यात भरती झालात, तर त्या कार्डावर खर्च होतो. घरी बसून रोज घ्यायच्या गोळ्या त्यात येत नाहीत.

तात्या लांज्याच्या बाजूच्या एका गावातले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, काटक, डोक्याला टोपी, थोडी भातशेती आणि काजूची कलमं. बरोबर काकी. काकी सत्तरीच्या आसपास, बोलायला कमी पण कान तिखट. एकुलता एक मुलगा प्रकाश मुंबईत, एका कंपनीत हिशेब विभागात. तात्यांनी कार्ड प्लास्टिकच्या पिशवीतून काढून काउंटरवर ठेवलं. मी माझं ठरलेलं भाषण केलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले,

“म्हंजे मी पडलो तर सरकार पैशे देनार. पडू नये म्हणून नाय देनार.”

त्या कार्डावर मी नंतर वर्तमानपत्रांत पुष्कळ वाचलं, पण यापेक्षा नेमकं काही वाचलं नाही.

मी त्यांचे कागद बघितले. दोन होते, एक तात्यांचा आणि एक काकींचा. दोघांनाही साखर. तात्यांच्या कागदावर डॉक्टरांनी मागच्या खेपेला गोळीची ताकद वाढवलेली होती, कारण साखर काही केल्या उतरत नव्हती. मात्र कागद दोन असून त्यांच्याकडे पाकीट एकच होतं, तात्यांच्या गोळ्यांचं. एक पाकीट दोघांना पुरत नाही. मी विचारलं, तर तात्या छताकडे बघायला लागले. काकींनी सांगितलं. एकाच पाकिटात दोघांचं भागवायचं. एक दिवस तात्या, एक दिवस काकी. शेजारच्या सोप्यावर बसून चहा वाटून घ्यावा तितक्या सहज त्या हे सांगत होत्या. तात्यांची गोळी वेगळी, काकींची वेगळी हवी, हेही त्यांच्या गावी नव्हतं. साखर दोघांची एकच, तर गोळीही एकच.

प्रकाश औषधाला दर महिन्याला पैसे पाठवत होता, पण ते फक्त तात्यांच्या औषधाचे. आईलाही साखर आहे, हे त्याला दोन वर्षं कुणी सांगितलेलंच नव्हतं. त्याच्या दोन मुली शिकतायत, मुंबईत घरभाडं, त्यात अजून एक आजार कशाला त्याच्या डोक्यावर, असा या दोघांचा विचार. तात्यांनी माझ्याकडून वचन घेतलं, की हे पोराला कळता नये. डॉक्टरलाही नको, कारण त्या बाई ओरडतात. मी हो म्हटलं. गिऱ्हाइकाची गोष्ट दुकानाबाहेर जाऊ द्यायची नाही हा माझा नियम, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान होता.

मग मी माझा हातखंडा प्रयोग केला. दोघांना समोरच्या दवाखान्यात पाठवलं, डॉक्टरांकडून कागदावर औषधाचं मूळ नाव लिहून आणायला लावलं. माझ्याकडे नियम पक्का होता, डॉक्टरने लिहिल्याशिवाय मी गोळी बदलत नसे. ते कागद घेऊन आले. मी दोघांच्या महिन्याभराच्या गोळ्या वेगवेगळ्या बांधल्या, सूर्य काढले आणि दोघांना रोज सकाळी न्याहारीआधी एकेक घ्यायची म्हणून सांगितलं. किंमत ऐकून तात्यांचा विश्वास बसेना. ते पाकीट उलटंसुलटं करत राहिले. त्या वेळी मला फुशारकी सुचली. मी म्हटलं, तात्या, तुमच्या त्या एका गोळीच्या पैशात माझ्या चार येतात. हे वाक्य मी शेकडो लोकांना ऐकवलं होतं. लोक खूश होऊन जायचे. तात्याही मान डोलावत गेले.

तो आठवडा श्रावणातला होता. पुढच्या सोमवारी, साधारण अकरा वाजता, दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं असताना काकी आत आल्या. पदर सुटलेला, पायात चप्पल नाही. रांग बाजूला सारून त्या काउंटरशी आल्या आणि शांतपणे म्हणाल्या, “ताई, तुमच्या गोळीनं हे पडले.”

रांग एक पाऊल मागे सरकल्याचं मी माझ्या डोळ्यांनी बघितलं. दोघांनी हातातली पाकिटं परत काउंटरवर ठेवली. अकरा वर्षं ज्या प्रसंगाची मला धास्ती होती तो हाच होता. पण खरं सांगते, त्या क्षणी दुकानाचं काय होईल हे मनातसुद्धा आलं नाही. तात्या जिवंत आहेत का, एवढंच मी विचारलं. आहेत, समोर नेलंय, असं काकी म्हणाल्या. मी सगळ्यांना बाहेर काढलं, शटर ओढलं आणि रस्ता ओलांडला. भर बाजाराच्या वेळी दुकान बंद करायची ती पहिलीच वेळ.

झालं होतं ते असं. काकींचे डोळे तपासायला दोघं सकाळच्या एसटीने आली होती. स्टँडवर उतरल्यावर तात्यांना घाम सुटला, हात थरथरायला लागले आणि ते असंबद्ध बोलायला लागले. काकींना विचारायचे, फलाट कुठला, आणि कंडक्टरला, काजूला पाणी घातलं का. लोकांना वाटलं, प्यायलेत. श्रावणी सोमवारी, कडक उपास धरलेल्या माणसाला, प्यायलेत म्हणून चार माणसं नावं ठेवत उभी राहिली. पाटी घेऊन गाडीची वाट बघत बसलेली एक मासेवाली तेवढी पुढे झाली. तिच्या नवऱ्याला साखर. साखर फार उतरली की माणूस असा होतो, हे तिने घरात बघितलेलं होतं. तिने चहाच्या टपरीवरची मूठभर साखर तात्यांच्या तोंडात घातली आणि रिक्षा थांबवली. डॉक्टर नंतर म्हणाल्या, त्या बाईने निम्मं काम आधीच केलं होतं. तिचं नाव विचारायचं कुणालाच सुचलं नाही.

मी पोचले तेव्हा सलाईन लागलेलं होतं आणि तात्या शुद्धीवर येत होते. शुद्धीवर येऊन पहिली तक्रार केली, ती उपास मोडल्याची. डॉक्टर बाई तरुण होत्या, त्याच कागद लिहून देणाऱ्या. त्यांनी विचारलं, किती गोळ्या घेतल्या? तात्या म्हणाले, दोन. रोज दोन. आठवडाभर.

मी म्हटलं, तात्या, मी एक सांगितली होती ना?

“सांगितलात. पन तुमीच म्हनालात, त्या एकीच्या पैशात तुमच्या चार येतात. म्हंजे ताकद पाव. खताचा पन तसाच असता. भारी खताचा एक पोता, तर हलक्याची दोन टाकायला लागतात. चार मना जास्ती वाटल्या, म्हनून म्हटला पयल्यांदा दोनच घेऊन बघू.”

त्यांनी त्यांच्या परीने जपूनच घेतलं होतं. मला हसू आलं आणि त्याच्या मागोमाग स्वतःची लाज वाटली. चाळीस वर्षं शेतात जे खरं ठरलं, त्याच हिशेबाने त्यांनी माझं वाक्य ऐकलं होतं. काकींनी मात्र एकच घेतली होती. का, तर त्या म्हणाल्या, मना खतातला काय कळत नाय, ताईंनी सांगितलानी तसा घेतला.

पण माझी खरी चूक ही नव्हती. ती मला तिथेच उभ्या उभ्या कळली. तात्या दिवसाआड गोळी घेत होते, म्हणून साखर उतरत नव्हती. साखर उतरत नव्हती, म्हणून डॉक्टरांनी गोळी वाढवली होती. ती वाढवलेली गोळी रोज घेतली असती, तर एकही जास्तच झाली असती. हे मला ठाऊक होतं. डॉक्टरांना ठाऊक नव्हतं. मी गुपित राखलं होतं. मी डॉक्टरांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “हे तुम्ही मला त्याच दिवशी का नाही सांगितलंत?”



दुसऱ्या दिवशी सकाळी प्रकाश मुंबईहून आला. शेहेचाळीस वर्षांचा, डोळे तारवटलेले, पाठीवर ऑफिसची बॅग तशीच. वॉर्डात तो आईवडिलांशी बोलायच्या आधी माझ्याशीच बोलला. आवाज चढवला नाही, ते जास्त लागलं. मी दर महिन्याला चांगल्या गोळ्यांचे पैसे पाठवतो, त्यांना या हलक्या गोळ्या कुणी आणि का दिल्या, माझ्या बापावर प्रयोग करायला तुम्हाला कुणी सांगितलं, असं त्याने विचारलं. मी ऐकत उभी राहिले. त्याच्या जागी मी असते, तर यापेक्षा वाईट बोलले असते.

तात्या उशीवरून उठून बसले.

“ताईंच्या गोळीला नावां ठेवू नको. तुझी ती महागाची मी दोन वर्षां घेतलंय, दिवसाआड, कधी साधी चक्कर आली नाय. हिच्या दोन घेतल्या नि आडवा झालो. दम हिच्यात हाय.”

जेनेरिक औषधाची ताकद मी अकरा वर्षं नाना तऱ्हेने पटवून दिली, पण कुणाला इतकी मनापासून पटलेली बघितली नाही. शेजारच्या खाटेवरचे आजोबाही माझ्याकडे आदराने बघायला लागले. प्रकाशने मात्र त्यातला एकच शब्द उचलला.

“दिवसाआड?”

तात्या छताकडे बघायला लागले. काकी म्हणाल्या, एक दिस ह्यांची, एक दिस माझी. प्रकाशने आईकडे बघितलं. तुला कधीपासून, असं त्याने विचारलं, आणि दोन वर्षं हे उत्तर ऐकून तो खाटेच्या काठावर बसला. मी तिथून निघून यायला हवं होतं, पण पाय निघाला नाही. मग त्याने आईच्या अनवाणी पायांकडे बघून विचारलं, की चप्पल कुठे आहे. ती काल स्टँडवरच राहिली होती. तो उठला, बाहेर गेला आणि चप्पल घेऊन आला. माझ्याशी पुन्हा बोलला नाही.

तात्यांचा दवाखान्याचा सगळा खर्च त्या कार्डावर झाला. पडल्यावर सरकारने पैसे दिले. सुटून जाताना तात्यांनी कार्ड मला मुद्दाम दाखवलं आणि चालला हो हा, असं सांगितलं.

डॉक्टरांनी गोळीची ताकद कमी केली. मी माझी पद्धत बदलली. ‘चार येतात’ हे वाक्य मी पुन्हा कधी उच्चारलं नाही. गोळी कशी घ्यायची हे सांगायचं नाही, गिऱ्हाइकाकडून म्हणवून घ्यायचं, आणि कुणी गोळ्या वाटून, मोडून, चुकवून घेत असेल, तर ते डॉक्टरांना कळवायचं, गिऱ्हाईक रागावलं तरी. काही रागावले आणि परत आले नाहीत. गोळीने माणूस पडल्याची बातमी मांडवीपर्यंत गेली होतीच. महिनाभर दुकानात माश्या मारायची वेळ आली. त्यातून मला बाहेर काढलं ते तात्यांनी. पुढच्या खेपेला आले ते बाहेरच्या बाकावर बसले आणि येणाऱ्या प्रत्येकाला थांबवून सांगायला लागले, की घे, पण एकच घे, लय ताकदीची हाय, मी स्वता अनुभव घेतलाय. अशी जाहिरात कुठल्याच कंपनीला परवडली नसती.

गणपतीला प्रकाश गावी आला. मुंबईला परत जायच्या आदल्या दिवशी तो दुकानात आला. मी मनातून सावध झाले. तात्या बाहेर बाकावर नेहमीच्या कामाला लागले होते, काकी शहाळीवाल्याशी भावावरून बोलत होत्या. प्रकाश मुकाट्याने रांगेत उभा राहिला. पाळी आल्यावर त्याने दोघांच्या तीन-तीन महिन्यांच्या गोळ्या मागितल्या, कशा घ्यायच्या ते मी विचारायच्या आधीच म्हणून दाखवलं, पाकिटांवर आपल्या हाताने ‘आई’ आणि ‘बाबा’ लिहिलं. पैसे दिले. पण तो काउंटरवरून हलेना. मागे चार माणसं उभी होती. मग त्याने खिशातून मोबाइल काढला, त्यावर एका कागदाचा फोटो उघडला आणि माझ्यासमोर ठेवला. मुंबईच्या डॉक्टरचा कागद होता. साखरेची गोळी, ब्लड प्रेशरची गोळी. वय शेहेचाळीस. वर त्याचं स्वतःचं नाव.

“या पण मिळतील का?”

मिळतील, मी म्हटलं. रोज घेता ना?

त्याने एकदा बाकाकडे बघितलं. “पंधरा तारखेपर्यंत घेतो. मग पगार झाल्यावर परत.”

मी मोबाइल त्याच्याकडे सरकवला. म्हटलं, गोळ्या देते, पण आधी तुझ्या डॉक्टरांना फोन लाव आणि हे जे मला सांगितलंस, ते त्यांना सांग. इथूनच. तो घुटमळला. मग त्याने नंबर लावला. मुंबईचा डॉक्टर गर्दीत असावा, त्याला ऐकू जाईना, म्हणून प्रकाशला तेच वाक्य दोनदा मोठ्याने म्हणावं लागलं. डॉक्टर, मी गोळ्या अर्धाच महिना घेतो. हो, अर्धाच. वर्ष झालं.

त्याने वर बघितलं, तेव्हा तात्या दारात येऊन उभे होते. काकी त्यांच्या मागे. रांगेत चुळबूळ सुरू झाली होती, कुणीतरी मागून लवकर आटपा म्हणालं. तात्यांनी टोपी काढून हातात घेतली आणि रांगेकडे वळून म्हणाले,

“जरा थांबा हो. माझा पोर गोळ्या घेतोय.”